मीठ की पोटॅशियम आयोडाइड : गारठलेल्या पाण्यात रेणू कुठे जास्त पळतो?

दादरच्या घरी फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली काढली, पाणी अजून पातळच. ओट्यावर जराशी आपटली आणि डोळ्यांदेखत वरपासून खालपर्यंत पांढरे काटे पसरले. हे अतिशीत पाणी. शून्याखाली गेलेलं, तरी न गोठलेलं. जपून थंड केलं तर बारीक थेंब उणे 38 अंशांपर्यंत द्रव राहतात.

या थंडीत रेणूंची अवस्था गर्दीच्या लोकलमध्ये दाराजवळ अडकलेल्या माणसासारखी. भोवती चार शेजारी घट्ट. एकाचा हात सुटून दुसऱ्याचा मिळाला तरच सरकता येतं. 25 अंशांवरचा वेग उणे 31 पर्यंत साधारण बारा पटींनी घटतो.

आता त्यात काय टाकायचं? आपलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड घ्या. सोडियमचा आयन (पाण्यात सुटा झालेला विद्युतभारित कण) लहान, त्यामुळे आजूबाजूचं पाणी घट्ट धरून ठेवतो. द्रावण दाट होतं, रेणू मंदावतात.

पोटॅशियम आयोडाइड हाही एक क्षारच, पण त्याचा खेळ उलटा, आणि मला तोच जास्त गमतीचा वाटतो. दोन्ही आयन मोठे, पकड ढिली, शिवाय शेजाऱ्यांची चौकट मोडणारे. त्याचं द्रावण साध्या तापमानालाही शुद्ध पाण्यापेक्षा पातळ! गारठा वाढेल तशी चौकट घट्ट होते, म्हणून ती मोडण्याचा फायदाही वाढतो.

गोठणबिंदू मात्र दोघंही खाली ओढतात. चौपाटीचं खारं पाणीसुद्धा उणे 2 च्या आसपासच गोठेल. बर्फात टाकायला कुल्फीवाल्याला अर्थात मीठच परवडतं.