एडिनबर्गची भुयारं: भुतांपेक्षा गळती भयानक

आधी निकाल, मग कारणं. एडिनबर्गला गेलात आणि जमिनीखालची एकच टूर घ्यायची असेल, तर मेरी किंग्ज क्लोजची, म्हणजे महापालिकेच्या इमारतीखाली गेलेल्या जुन्या बोळाची घ्या, तीही दिवसा. साउथ ब्रिजखालच्या तळघरांतली रात्रीची भुताटकीची टूर पैसे आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तरच, आणि कंपनी नीट बघून.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. पूल, मोऱ्या, आणि दर पावसाळ्यात गळणारी विश्रामगृहं. त्यामुळे इथे भुतांपेक्षा भिंतींबद्दल जास्त येणार, हे आधीच सांगून ठेवते. सोबत धाकटी बहीण होती, जी घरातल्या माळ्यावरसुद्धा एकटी चढत नाही. आणि तिची मुलगी, जी तिकडे शिकते आणि जिनं दोन्ही टूरची तिकिटं आम्हाला न विचारता काढून टाकली होती. बहिणीनं पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी घेतली, मी टॉर्च. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

जुनं एडिनबर्ग डोंगराच्या कण्यावर बसलंय. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला राजवाडा, मधला रस्ता म्हणजे रॉयल माइल. या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अरुंद बोळ खाली उतरतात, त्यांना तिकडे क्लोज म्हणतात. शहराला तटबंदी, बाहेर पसरायला वाव नाही, म्हणून घरं वर चढत गेली, सात-सात मजल्यांपर्यंत. मेरी किंग ही सतराव्या शतकात अशाच एका बोळात राहणारी विधवा. कापडाचा धंदा करायची आणि स्वतःच्या नावावर व्यापार करण्याचा हक्क तिला होता. बोळाला तिचंच नाव पडलं.

पुढची गोष्ट ऐकून मी गाईडला थांबवून पुन्हा विचारलं. 1753 साली शहरानं इथे रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांच्या व्यवहाराची इमारत बांधायला घेतली. त्यासाठी बोळातल्या घरांचे वरचे मजले पाडले, खालचे तसेच ठेवले आणि त्यांचाच पाया करून वर नवी इमारत उभी केली. माझ्या खात्यात असा प्रस्ताव कुणी पाठवला असता तर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल परत आली असती. यांनी केलं, आणि ते अजून उभं आहे. आज तिथे सिटी चेंबर्स, म्हणजे महापालिका आहे. वर नगरसेवक बसतात, खाली आख्खा बोळ घरादारांसकट गाडलेला. पूर्ण गाडलेलाही नाही, कारण काही लोक नंतरही तिथे राहत होते, कामं करत होते. शेवटचा रहिवासी अँड्र्यू चेस्नी, करवती बनवणारा, 1902 साली बाहेर पडला. 2003 पासून हे सगळं पर्यटकांना दाखवतात.

आत जायची वाट सेंट जाइल्स कॅथीड्रलच्या समोर, वॉरिस्टन्स क्लोजमधून. गाईड त्या काळच्या एखाद्या रहिवाशाच्या वेशात असतो. आमच्या वाट्याला घोळदार झगा घातलेली एक मुलगी आली. स्कॉटिश उच्चार ऐकून बहीण आधीच घाबरली होती, पण पोरगी सावकाश बोलत होती, प्रत्येक खोलीत मागचा माणूस आत आल्याशिवाय सुरुवात करत नव्हती, आणि प्रश्न विचारला की नाटकातून बाहेर येऊन सरळ उत्तर देत होती. चांगल्या गाईडची माझी व्याख्या एवढीच आहे.

खोल्या एकामागून एक येतात. ठेंगण्या, ओबडधोबड दगडांच्या, जमीन कुठेच सपाट नाही. भिंतींना हात लावायचा नाही अशी सूचना होती, म्हणून मी जवळ जाऊन नुसतं पाहिलं. चुन्याचा गिलावा, त्यात मिसळलेले जनावरांचे केस जिथे पापुद्रा निघालाय तिथे बाहेर डोकावतायत. आपल्याकडे चुन्यात ताग घालायचे, गूळ घालायचे, काम तेच. भाची म्हणाली, “मावशी, पुढे चल, लोक थांबलेत.”

मग तुम्ही प्रत्यक्ष बोळात येता. टूरमधली ही सगळ्यात चांगली जागा. तीव्र उतार, दोन्ही बाजूंना घरांच्या उंच भिंती, मध्ये दोरीवर वाळत टाकलेले कपडे. मान वर केली की आभाळ असायला हवं तिथे महापालिकेच्या इमारतीची खालची बाजू. दिवे मंद आहेत पण अंधार नाही. कुणी ओरडत नाही, मागून कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. तरी तिथे आमचा आख्खा गट आपसूक गप्प झाला. बहीणसुद्धा, जी तोवर मारुतीचं नाव घेत माझी बाही धरून चालली होती.

1645 च्या प्लेगचा भाग मनाला लागतो. आजारी घरानं खिडकीतून पांढरं फडकं बाहेर लावायचं. सगळ्या भुताच्या गोष्टींत सांगतात की प्लेग आल्यावर रोग्यांना जिवंत आत कोंडून हा बोळ चिणून टाकला. गाईडनं स्पष्ट सांगितलं, हे खोटं आहे. उलट आजाऱ्यांना अन्नपाणी पोचवलं जायचं आणि बऱ्याच जणांना शहराबाहेरच्या माळावर झोपड्यांत हलवलं होतं. भुतांच्या नावावर तिकीट विकलं जाणाऱ्या जागी गाईडनं स्वतःहून भुताची गोष्ट मोडून काढावी, याचे मी जादा गुण दिले.

तिथला प्लेगचा डॉक्टर जॉर्ज रे. चामड्याचा लांब झगा, पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा. आधीचा डॉक्टर प्लेगनंच गेलेला, म्हणून याला भरघोस पगार कबूल केला. तो मेला नाही, आणि कौन्सिलची पंचाईत झाली. ठरलेले पैसे मिळवायला त्याला नंतर वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आमच्या गटातले गोरे लोक यावर हसले. मी हसले नाही. थकबाकी म्हणजे काय ते निवृत्त सरकारी माणसाला विचारा.

अ‍ॅनीची खोली प्रसिद्ध आहे. 1992 मध्ये आयको गिबो नावाची जपानी अतींद्रियदर्शी बाई इथे आली. तिला म्हणे खोलीत पाऊल टाकवेना, मग एक लहान मुलगी जाणवली, बाहुली हरवली म्हणून रडणारी. तिनं रॉयल माइलवरून टार्टनची, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची बाहुली आणून ठेवली. तेव्हापासून लोक बाहुल्या, खेळणी, नाणी ठेवतात आणि जमलेले पैसे मुलांच्या धर्मादाय कामाला जातात. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. पण कोपऱ्यातला तो बाहुल्यांचा ढीग बघताना बहिणीनं पर्स उघडली आणि मला वाटलं आता अंगारा निघणार. निघालं पौंडाचं नाणं. “ताई, खरं असो नसो, पोरांना जातात ना पैसे,” म्हणाली.

आता दुसरी टूर. साउथ ब्रिजखालच्या तळघरांत फिरवणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत, आमच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पण आधी पुलाबद्दल, कारण तिथे जाण्याचं खरं कारण तोच आहे.

1785 मध्ये काम सुरू, 1788 मध्ये वाहतूक सुरू. एकोणीस कमानी, आणि त्यातली उघड्यावर दिसते फक्त एक, काउगेट रस्त्यावरची. बाकीच्या अठरांना दोन्ही बाजूंनी इमारती बिलगून उभ्या केल्या, त्यामुळे वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. दोन्हीकडे दुकानांची रांग, साधा रस्ता वाटतो. आमचे पाय दोनदा त्यावरून गेले तरी पूल कुठाय म्हणून मी भाचीला विचारत होते. कमानींच्या पोटात मजले घालून शंभरावर खोल्या काढल्या. चांभार, दारूचे गुत्ते, मालाची गोदामं. जागा वाया न घालवण्याची युक्ती उत्तम. फक्त घाईघाईत कमानींच्या पाठीवर पाणी अडवणारा थर नीट दिलाच नाही. वरच्या रस्त्याचं पाणी दगडांच्या सांध्यांतून खाली, आणि एडिनबर्गच्या पावसाला सुट्टी नसते. काही वर्षांतच खोल्या गळायला लागल्या, धंदेवाले माल भिजतो म्हणून निघून गेले. रिकाम्या, ओल्या, बिनउजेडाच्या खोल्यांत मग ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता ते शिरले. त्यांत भुकेपायी देश सोडून आलेले आयरिश लोकही होते. ना खिडकी, ना पाणी, ना संडास. पुढे भराव टाकून हे सगळं बुजवलं आणि शहर विसरून गेलं. 1980 च्या दशकात नॉरी रोवन या माजी रग्बीपटूला एका भुयाराची वाट सापडली आणि राडारोडा उपसायला सुरुवात झाली. त्यातून बाटल्या, ताटल्या, खेळणी निघाली आणि कालवांच्या शिंपल्या, कारण तेव्हा ते गरिबाचं खाणं होतं.

पेशव्यांनी त्याच शतकात कात्रजहून भुयारी नळानं पुण्यात पाणी आणलं. यांच्या भुयारात पाणी न बोलावता आलं.

हे सगळं इतकं सरस असताना आमचा गाईड काय सांगत होता? मिस्टर बूट्स नावाचं भूत, जे बूट आपटत फिरतं आणि दगड फेकतं. प्रत्येक खोलीत एक किंकाळी, टॉर्च हनुवटीखाली धरून एक चेहरा, मग अचानक ‘भ्वॉ’. बेअर्न, म्हणजे लहान मुलं, यांची भुतं वेगळी. गटात माणसं खोलीच्या मानानं फार कोंबलेली, त्यात एक लग्नाआधीची पार्टी करत आलेली, चांगलीच झिंगलेली टोळी, जी दर वाक्याला स्वतःच भूत व्हायची. मागे उभ्या असलेल्यांना निम्मं ऐकू आलं नाही. बर्क आणि हेअर यांनी मुडदे इथेच लपवले, हेही त्यानं छातीठोकपणे सांगितलं. या दोघांनी 1828 मध्ये सोळा खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टर नॉक्सला विकली, हे खरं. बर्कला 1829 च्या जानेवारीत फाशी झाली आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या संग्रहात आहे, हेही खरं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. पण त्यांचा या तळघरांशी संबंध असल्याचा पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं झकास सांगितली. पुलाच्या उद्घाटनाला पहिलं पाऊल भागातल्या सगळ्यात वयस्कर, मानाच्या बाईनं टाकायचं ठरलं होतं. उद्घाटनाच्या आधीच ती गेली. शब्द दिलेला, म्हणून पहिली ओलांडून गेली ती तिची शवपेटी, आणि पूल शापित म्हणून लोक बरेच दिवस त्यावरून जाईनात. तिथल्या सगळ्याच गाईडांच्या तोंडी ही कथा असते म्हणे. ‘काका मला वाचवा’ ऐकवल्याशिवाय शनिवारवाडा कुठे पुरा होतो?

सगळे पुढच्या खोलीत गेले तेव्हा मी मागे राहून कमानीची भिंत पाहिली. सांध्यांतून चुना विरघळून पांढरे ओघळ उतरलेत, बोट लावलं तर ओलं. बाहेर त्या दिवशी पाऊस नव्हता. गाईडला विचारलं, पाणी अजून वरून येतं की बाजूनं? तो म्हणाला, मिस्टर बूट्सला विचारा. भाची कानात म्हणाली, “मावशी, तो भूत दाखवायला आलाय, तू एस्टिमेट मागतेयस.”

बहिणीला तिथे एका खोलीत एकदम गारठा जाणवला आणि छातीवर दडपण आलं. तिच्यासारखं अनेकांना होतं. 2001 मध्ये रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं दोनशेहून जास्त लोकांना याच तळघरांत नेऊन कुठे काय जाणवतं ते नोंदवून घेतलं. ज्या खोल्यांची आधीपासून झपाटलेल्या म्हणून ख्याती होती तिथेच जास्त अनुभव आले, म्हणजे थापा नव्हेत. पण ते खोलीचा आकार, छताची उंची, आतला-बाहेरचा उजेड अशा गोष्टींशी जुळत होते. मी हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “असेल, पण आधी बाहेर चल.” टूरच्या शेवटी पबमध्ये एक पेय तिकिटात होतं, तिथे तिनं गरम चॉकलेट मागितलं आणि मिळालं. त्या टूरचा तेवढा भाग निर्विवाद चांगला.

व्यवहाराचं थोडं. मेरी किंग्ज क्लोजचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, गर्दीच्या दिवसांत ऐनवेळी मिळत नाही. टूर तासाभराची. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आत फोटो काढू देत नाहीत, त्यांचाच एक फोटो निघतो, तो शेवटी दुकानात घ्यायचा की नाही ते तुमच्यावर. चपला, सँडल अजिबात नकोत, दोन्हीकडे दगड निसरडे आणि पायऱ्या असमान आहेत. उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर मेरी किंग्जचा उतार जपून, आणि बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर रात्रीच्या वाटेला जाऊच नका. उंच माणसांनी डोकं सांभाळा, आमच्या पुढच्या जर्मन गृहस्थांना चौकटीनं दोनदा प्रसाद दिला.

रात्रीची टूर घ्यायचीच असेल तर तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका गटात किती माणसं घेता, आणि इतिहासाची वेगळी टूर आहे का. काही कंपन्यांची असते आणि ती भुताच्या टूरपेक्षा जास्त वेळ पुलाबद्दल बोलते. आणि खाली उतरण्याआधी, उजेड असताना, काउगेटवर जाऊन ती एकुलती एक दिसणारी कमान बघून या. तिची उंची बघितल्याशिवाय आतल्या खोल्या कुठे टांगलेल्या आहेत याचा अंदाज येत नाही.