सिलिॲकनंतर लोह, कॅल्शियम, डी, बी12: कोणती गोळी निवडाल?

सिलिॲक म्हणजे गहू, जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. गहू, जव बंद केले की आतडं भरून येऊ लागतं, पण मोठ्यांमध्ये त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. लोह, फॉलेट (बी गटातलं एक व्हिटॅमिन), कॅल्शियम शोषणारा लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच जास्त दुखावलेला असतो, म्हणून मधल्या काळात गोळ्यांचा आधार. पोई (गव्हाचा गोव्याचा पाव) खात राहून वर गोळ्या घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि खरेदीआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी12, फॉलेट, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. एकच मल्टिव्हिटॅमिन सगळं भरून काढेल ही आशा नको. त्यातलं लोह खरी कमतरता भरण्याइतकं बहुधा नसतंच.

लोह: सल्फेट की ॲस्कॉर्बेट?
फेरस सल्फेट स्वस्त. 200 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण 65 मिलिग्रॅम. मळमळ, बद्धकोष्ठ ही नेहमीची तक्रार. फेरस ॲस्कॉर्बेटच्या प्रचलित गोळीत 100 मिलिग्रॅम लोह आणि 1.5 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड (फॉलेटचं गोळीतलं रूप) असतं. महाग, पण पुष्कळांच्या पोटाला सोसते. पोट कणखर असेल तर सल्फेट पुरे.

ब्रँडपेक्षा वेळ महत्त्वाची. गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाचं शोषण दाबतं. त्यामुळे रोज दोन गोळ्या गिळणाऱ्यांचं बरंचसं लोह आतड्यातच पडून राहतं आणि त्रास वाढतो. डॉक्टरांना एक दिवसाआड एक गोळी चालेल का, विचारा. उपाशीपोटी, लिंबू पाण्याबरोबर. चहा त्यानंतर किमान तासाभराने. शौच काळं होणं अपेक्षित आहे, घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण 2 ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर कुठून तरी ग्लूटेन पोटात जातंय का, हे आधी शोधा. रवा लावून तळलेला बांगडा, मैदा मिसळलेला हिंग हे नेहमीचे संशयित. हॉटेलात रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावलं तरी तेल तेच असतं! तेही नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरायला सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.

कॅल्शियम: कार्बोनेट की सायट्रेट?
कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम, सायट्रेटमध्ये 21. म्हणजे सायट्रेटच्या गोळ्या जास्त लागतात. पण कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबरच घ्यायचं. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नको. लोहापासून दोन तास, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. काट्यासकट खाल्लेले तारले आणि नाचणीचं तिझण (पेज) जमेस धरलं, तर गोळी अर्धीही पुरू शकते.

व्हिटॅमिन डी
आठवड्याला 60,000 युनिट, साधारण आठ आठवडे, की रोज 1,000–2,000? कमतरता मोठी असेल तर पहिला मार्ग, नंतर दुसरा. साप्ताहिक कॅप्सूल चुकून रोज घेतली जाते. त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. कॅप्सूल भरल्या जेवणाबरोबर घ्या.

बी12 आणि फॉलिक ॲसिड
बी12 ची गोळी 1,000 मायक्रोग्रॅमची असली तर खराब आतड्यातूनही थोडी शोषली जाते. हातपाय बधिर होत असतील तर इंजेक्शनच. बी12 न तपासता 5 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करू नका: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

झिंक तपासणीत कमी आलं तरच, तेही थोडे महिने. लांबलं की तांबं घटतं. ग्लूटेन पचवणारी एन्झाइमं घेऊन पाव खाता येत नाही, तो खर्च टाळा. व्हीट जर्म तेल आणि माल्टची (मोड आणलेल्या जवाची) टॉनिकं शेल्फवरच राहू द्या. लेबलवर नुसतं 'स्टार्च' लिहिलं असेल तर तो मक्याचा की गव्हाचा, हे फार्मसीवाल्याकडून कंपनीला विचारून घ्या.