ह्यूगो, वेबलेट आणि बायकांचा आवाज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

३ मार्च २०२५ ला आमची साइट सुरू झाली. तारीख मुद्दाम धरली होती. २००१ साली कोलकात्यात हजारो सेक्स वर्कर एकत्र जमल्या आणि तेव्हापासून ३ मार्च हा त्यांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळला जातो. धंद्यातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या कोल्हापुरातल्या एका छोट्या संस्थेसाठी ही साइट मी बांधली आणि नऊ महिने मीच सांभाळते आहे. मराठी, कन्नड आणि हिंदी चालू आहेत, बंगाली अडली आहे. साधनं दोन: पानं बनवायला ह्यूगो, भाषांतरं सांभाळायला वेबलेट. दोन्ही मुक्त स्रोत, परवान्याचा खर्च नाही. दोन-तीन संस्थांनी फोन करून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात कन्नड कशाला, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. इथून निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे. गडहिंग्लज, शिरोळ भागात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं भरपूर. धंद्यातल्या कितीतरी बायका बेळगाव-बागलकोटकडच्या, आणि काहींच्या घरात यल्लम्माला सोडण्याची जुनी रीत. कायद्याची माहिती मराठीत द्यायची आणि यांनी ती समजून घ्यावी असं म्हणायचं, हा अन्याय आहे असं मला वाटतं.

संस्थेची आधीची साइट एका नेहमीच्या, तयार प्रणालीवर होती आणि भाषांतरासाठी पैसे भरून घेतलेलं प्लगिन होतं. वर्गणी भरायची राहिली आणि एका सकाळी कन्नड पानं दिसेनाशी झाली. मजकूर डेटाबेसमध्ये होता, पण तो बाहेर काढायला मला चार दिवस लागले. तेव्हाच ठरवलं, मजकूर साध्या फायलींमध्ये राहिला पाहिजे. उद्या मी नसले तरी कुणालाही त्या फायली उघडता याव्यात.

ह्यूगोत तेच होतं. प्रत्येक पानाची प्रत्येक भाषेसाठी वेगळी फाइल, आणि बटणं-मेन्यूचे छोटे शब्द वेगळ्या यादीत. बहुभाषिक सोय आतच आहे, वरून काही जोडावं लागत नाही. तयार होतात ती नुसती स्थिर पानं, त्यामुळे फोडायला डेटाबेस नाही आणि पान हलकं. जुन्या मोबाइलवर, कमी नेटमध्ये आमचं पान उघडतं, हे मी स्वतः मध्यवर्ती बसस्थानकावर उभी राहून तपासलंय. एकदा उघडलेली पानं मोबाइलमध्ये साठवून ठेवायची सोयही केली. पावसाळ्यात नेट गेल्यावर ती कामी आली.

वेबलेटबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण खरं काम तिथे झालं.

वेबलेटमध्ये मूळ भाषा मराठी ठेवता येते. इंग्रजीतून सुरुवात करण्याची सक्ती नाही. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण यामुळे सगळी दिशा बदलली. पहिला मसुदा मी इंग्रजी पत्रकावरून यंत्राने भाषांतर करून घेतला होता. त्यात सगळीकडे 'लैंगिक कामगार' होतं. पिअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यातल्याच बायकांना माहिती देणाऱ्या, एका मावशींनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "ह्ये कुणाबद्दल लिवलंय? आमच्याबद्दल न्हवं ह्ये." मी सगळा मसुदा बाजूला ठेवला. मग सहा दुपारी आम्ही संस्थेच्या खोलीत बसलो आणि एकेक शब्द ठरवला. 'ग्राहक' गेला, 'गिऱ्हाईक' आला. 'छापा' काढून 'रेड' ठेवला. 'प्रतिबंधक साधन' वगैरे सगळं जाऊन 'निरोध' राहिला.

दोन शब्दांवर फार वेळ गेला. एक 'सुटका'. सरकारी कागदांत रेडनंतर बाईची 'सुटका केली' असंच लिहितात. मावशी म्हणाल्या, "सुटका कुणापास्नं? गाडीत घालून सुधारगृहात नेत्यात आणि सुटका म्हणत्यात." अल्पवयीन मुलगी किंवा फसवून आणलेली बाई असेल तिथे तो शब्द बरोबर आहे, आणि तिथे तो आम्ही ठेवला. स्वतःच्या मर्जीने धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला उचलून नेलं, तर आमच्या साइटवर 'ताब्यात घेतलं' असं येतं. दुसरा शब्द 'वेश्या'. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या संग्राम या संस्थेच्या मुशीतून उभ्या राहिलेल्या संघटनेने आपल्या नावातच तो अभिमानाने घेतला: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आमच्याकडच्या जुन्या बायकांना तो हवा होता. तरुण मुलींना तो नको होता, कारण शाळेपासून तो शिवीसारखाच कानावर पडलेला. शेवटी मथळ्यांत 'सेक्स वर्कर', मजकुरात 'धंदा करणाऱ्या बायका' आणि चळवळीचा इतिहास सांगताना 'वेश्या' असं ठरलं.

हे सगळं वेबलेटच्या शब्दसूचीत गेलं. आता कुणीही नवीन वाक्य भाषांतरायला घेतलं की ठरलेला शब्द बाजूला दिसतो. नवीन स्वयंसेवक आला तरी 'लैंगिक कामगार' परत शिरत नाही. या एका सोयीसाठीही मी वेबलेट घ्या म्हणेन.

कन्नडचा अनुभव वेगळा. पहिलं भाषांतर एका शिकलेल्या, भल्या माणसाने मोफत करून दिलं. व्याकरण निर्दोष, पण भाषा बेंगळुरूची आणि पुस्तकी. बागलकोटकडच्या एका अक्कांनी ते वाचलं, समजलंही त्यांना, पण त्यांचा चेहरा सरकारी कचेरीत उभं राहिल्यासारखा झाला. त्यांच्याकडे 'नको' म्हणायला 'ब्याड' म्हणतात आणि पानावर 'बेड' होतं. अशा शेकडो जागा. अक्कांना टायपिंग येत नव्हतं, म्हणून त्यांची लेक शेजारी बसून वेबलेटमध्ये सूचना टाकायची आणि अक्का एकेक वाक्य मोठ्याने म्हणून पाहायच्या. वेबलेटमध्ये कुणाचाही बदल थेट न जाता आधी 'सूचना' म्हणून ठेवता येतो, त्यामुळे दोघी न घाबरता काम करत होत्या. मोबाइलवर ते पान चालतं, पण दाटीवाटीचं आहे. लॅपटॉप असेल तर तोच द्या.

एक धोका मात्र आधीच सांगते. वेबलेट प्रत्येक बदलासोबत भाषांतरकाराचं नाव आणि ईमेल गिटच्या, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात लिहितं. सॉफ्टवेअरच्या जगात ते श्रेय मानतात. इथे त्या नोंदीने एखाद्या बाईचं आयुष्य उघड होऊ शकतं. म्हणून आम्ही वेबलेट स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो, खाती मी टोपणनावांनी उघडून दिली, ईमेल संस्थेचे आणि रिपॉझिटरी (फायलींचा साठा) खाजगी. पहिल्या दिवशीच हे करा. गिटचा इतिहास नंतर पुसणं फार कटकटीचं असतं.

सर्व्हरचा विषय निघालाय तर तेही. वेबलेटसाठी तीन-चार जीबी रॅम धरा, सगळ्यात स्वस्तातला सर्व्हर पुरत नाही. आणि होस्टिंग, डोमेन घेताना अटी वाचा. अमेरिकेत २०१८ साली ऑनलाइन लैंगिक तस्करीसाठी वेबसाइटलाही जबाबदार धरणारा फोस्टा-सेस्टा कायदा आला, तेव्हापासून तिथल्या अनेक कंपन्या 'सेक्स वर्क' या शब्दालाच बिचकतात, मग मजकूर हक्कांचा असो की आरोग्याचा. आमच्या डोमेनच्या नावात असा कुठलाच शब्द नाही.

तो नाही याला दुसरंही कारण आहे, आणि ते मी चूक करून शिकले. एप्रिलमध्ये आधार कार्डाबद्दलच्या पानाची लिंक गटात पाठवली. व्हॉट्सअॅपवर लिंकखाली पानाचं शीर्षक आणि चित्र आपोआप दिसतं. शीर्षकात 'सेक्स वर्कर' होतं. एका ताईचा मोबाइल तेव्हा तिच्या दहावीतल्या मुलाच्या हातात होता. तिने मला रागाने काही म्हटलं नाही. नुसतं सांगितलं आणि गप्प बसली. त्या रात्री मी सगळ्या पानांची शीर्षकं बदलली. आता टॅबवर, लिंकखाली आणि ब्राउझरच्या इतिहासात फक्त 'माहिती' आणि पानाचा क्रमांक दिसतो. खरं शीर्षक पानाच्या आत.

'लगेच बाहेर पडा' असं बटण प्रत्येक पानावर आहे. दाबलं की हवामानाचं पान उघडतं आणि 'मागे' दाबून आमचं पान परत येत नाही. पण त्याने ब्राउझरमधला भेटीचा इतिहास पुसला जात नाही, आणि हे बटणाखालीच तिन्ही भाषांत स्पष्ट लिहिलंय. खोटा भरवसा देणं सगळ्यात वाईट. भेटी मोजणारं काहीही बसवलेलं नाही. फाँटसुद्धा आमच्याच सर्व्हरवर ठेवले, म्हणजे पान उघडल्याची नोंद तिसऱ्याकडे जात नाही. देणगीदारांनी 'किती जणींनी पाहिलं' असं विचारलं तेव्हा आम्ही आकडा देऊ शकलो नाही. का ते समजावून सांगितलं, त्यांनी ऐकलं.

लिपीच्या बारीक गोष्टी थोडक्यात. 'अनेक' नावाचा फाँट देवनागरी, कन्नड आणि बांगला तिन्हीत मिळतो, त्यामुळे पानं एका घरातली दिसतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येऊ शकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आकड्यांनी मात्र मला गोंधळात टाकलं. ब्राउझर मराठीत तारखा-आकडे आपोआप देवनागरीत छापतो आणि कन्नडमध्ये इंग्रजीत. हेल्पलाइनचे नंबरही मी त्याच वाटेने छापले होते, त्यामुळे मराठी पानावर ते देवनागरी झाले आणि दाबल्यावर फोन लागेना. एचआयव्हीची १०९७, कायदेशीर मदतीची १५१०० आणि पोलिसांची ११२ आता साइटवर इंग्रजी आकड्यांतच आहेत, कारण की-पॅडवर तेच असतात.

आता आवाज. पहिल्या दोन महिन्यांत कळलं की वाचणाऱ्या थोड्या आणि ऐकणाऱ्या जास्त. म्हणून प्रत्येक परिच्छेदाशेजारी स्पीकरचं बटण आलं. मोबाइलमधला यंत्राचा आवाज वापरून पाहिला, पण कन्नड ऐकवतच नव्हतं. मग मावशींनी मराठी आणि अक्कांनी कन्नड स्वतः म्हटलं. ओपस स्वरूपात मिनिटभराचा आवाज साधारण १८० केबीत मावतो, नेटवर ओझं नाही. ज्यांना आवाज ओळखला जाण्याची भीती होती त्यांनी म्हटलं नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. परवानगी केव्हाही मागे घेता येईल असं ठरलंय. एकीने घेतली. तिचे अकरा तुकडे तासाभरात उतरवले.

सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते पोलिसांबद्दलचं पान, असं पिअर ताई सांगतात. १९५६ च्या पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायद्यात कुंटणखाना चालवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत, पण सज्ञान बाईने धंदा करणं हा मुळात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन महिलांना सोडताना हेच म्हटलं. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी सन्मानाने वागावं, निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार मिळावं. त्या आधारवर धंद्याची कुठलीही खूण नसावी, हेही. 'खूण नसावी' हे वाक्य अक्कांनी चार वेळा म्हणून घेतलं, कारण पहिली शंका सगळ्यांची तीच असते.

भाषांतराच्या व्यवस्थेची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याचं उद्घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीश गवई २०२२ चा तो आदेश देणाऱ्या खंडपीठातही होते, हे मी बायकांना सांगितलं तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. साइटवर 'मुंबईला जावं लागतं' असं सात ठिकाणी होतं. मूळ मराठी बदलल्याबरोबर वेबलेटने कन्नड आणि हिंदीतली तीच वाक्यं तपासायची म्हणून वेगळी काढली. लिखाण दोन दिवसांत झालं. आवाजाला मात्र वेबलेटमध्ये अशी खूण नाही. कुठला तुकडा जुना झालाय याची यादी मी वहीत ठेवते, आणि एक तुकडा तीन आठवडे जुनाच वाजत राहिला. यावर चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

कुणी हे घेऊ नये? ज्या संस्थेत गिट समजणारं एकही माणूस नाही आणि मिळण्यासारखंही नाही, त्यांनी. ह्यूगोचं नवं पान संस्थेतल्या ताई स्वतः टाकू शकत नाहीत, माझ्यावर अवलंबून राहतात, आणि ही मोठी अडचण आहे. त्यांच्यासाठी साधा फॉर्म बनवायला घेतलाय.

बंगालीचं पान तयार आहे, मजकूर तपासून झालाय. पण ते म्हणून दाखवणारी ताई दिवाळीला गावी गेली ती अजून परतली नाही. फोनवर म्हणाली, "मी आल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून करू नका." म्हणून ते बटण आम्ही बंदच ठेवलंय.