निकोलस दुसऱ्याचे चांदीचे रूबल: काही महिन्यांच्या संग्रहानंतरचा अनुभव

रशियन साम्राज्याची चांदीची नाणी जमवताना मी 1895 ते 1915 या काळातील, शेवटचा झार (रशियन सम्राट) निकोलस दुसरा याच्या रूबलांपासून सुरुवात केली आणि नवख्या संग्राहकालाही मी हेच सुचवेन. पीटर पहिल्याच्या काळातील चांगल्या स्थितीतले रूबल महाग पडतात. हे रूबल मात्र मोठ्या संख्येने पाडले गेल्यामुळे अस्सल नाणी शेजारी ठेवून तुलना करता येते.

नाण्याचे वजन 20 ग्रॅम आणि चांदी 900 शुद्धतेची (हजारात 900 भाग) आहे, तरी माझ्या मते त्याचा सर्वांत वाचनीय भाग म्हणजे कड. तिच्यावर खोल अक्षरांत शुद्ध चांदी 4 झोलोत्निक 21 डोल्या (जुनी रशियन वजने) असल्याचे कोरलेले असते. एक झोलोत्निक म्हणजे 96 डोल्या, सुमारे 4.27 ग्रॅम, हिशेब केला की 18 ग्रॅम शुद्ध चांदी निघते. त्याआधीच्या 868 शुद्धतेच्या रूबलचे वजन 20.73 ग्रॅम होते, म्हणजे मिश्रण बदलूनही शुद्ध चांदी तेवढीच राखली गेली.

कडेवरच टाकसाळीची ओळख पटते. सेंट पीटर्सबर्गच्या नाण्यावर तेथील अधिकाऱ्याची आद्याक्षरे असतात. अर्थमंत्री सर्गेई वित्ते यांच्या चलनसुधारणेच्या सुमारास काही रूबल परदेशात पाडून घेतले गेले. त्यांपैकी पॅरिसच्या नाण्यांवर एक आणि ब्रुसेल्सच्या नाण्यांवर दोन चांदण्या आहेत. माझ्याकडील 1898 च्या रूबलवर भिंगातून ती एकच बारीक चांदणी स्पष्ट दिसते, तेव्हा राजाच्या घासलेल्या दाढीकडे लक्षही जात नाही.

म्हणूनच कड झाकणाऱ्या बंद डब्या मला पटत नाहीत. एका विक्रेत्याने कडेचे छायाचित्र मागूनही दिले नाही, तेव्हा मी तो व्यवहार सोडला. बनावट नाण्यांत कडेची अक्षरे अनेकदा उथळ किंवा वेडीवाकडी असतात. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि दहापट भिंग ही दोन साधने मला महागड्या अल्बमपेक्षा कितीतरी उपयोगी पडली. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत मात्र नाणी ठेवू नयेत, कारण त्यांतून हिरवट चिकट थर चढतो.

रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीचा 1913 चा रूबल देखणा आहे. त्यावर निकोलसच्या मागे घराण्याचा पहिला झार मिखाईल फ्योदोरोविच दिसतो. पण तो सपाट आणि उठावदार अशा दोन छापांत आढळतो, त्यामुळे दोन्ही पाहूनच घ्यावा. 5 ते 20 कोपेकांची (कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग) नाणी स्वस्त असली, तरी त्यांत चांदी निम्मीच, 500 शुद्धतेची असते, हे भाव ठरवताना ध्यानात ठेवावे.