१८५३ची न्यूझीलंड निवडणूक अभ्यासायला ‘पेपर्स पास्ट’ कसं आहे?

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘पेपर्स पास्ट’ हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ आहे. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, पानं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. तिथल्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी याच्या तोडीचं साधन नाही.

ही निवडणूक १४ जुलै ते १ ऑक्टोबर १८५३ अशी चालली. जागा ३७, पक्ष एकही नाही. त्यामुळे पक्षवार निकाल शोधत बसू नका; तिथला पहिला पक्ष, लिबरल पक्ष, उभा राहिला तो थेट १८९०च्या निवडणुकीनंतर. उमेदवार कोणत्या बाजूचा, हे जाहिरातींतूनच कळतं. शोधात फक्त जाहिराती निवडा आणि ‘टू द इलेक्टर्स’ हे शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका. मतदारांना लिहिलेली पत्रंच समोर येतात: प्रांतांना किती अधिकार असावेत, सरकारी जमीन काय भावाने विकावी. वसाहतीचे ब्रिटिश गव्हर्नर ग्रे यांनी मार्चमध्येच जमिनीचा दर उतरवला होता, त्यामुळे हा वाद ताजा होता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच नावाच्या दोन निकालांत. त्याच सुमारास प्रांतांचे सुपरिंटेंडेंट (म्हणजे प्रांताचे प्रमुख) आणि प्रांतिक कौन्सिलं यांच्याही निवडणुका झाल्या. जेम्स फिट्झजेरल्ड कँटरबरीचे सुपरिंटेंडेंटही झाले आणि लिटल्टनमधून संसदेतही गेले. नुसतं नाव टाकलंत तर दोन्ही बातम्या एकत्र येतात. सोबत ‘हाउस ऑफ रेप्रेझेंटेटिव्ह्ज’ (संसदेचं निवडून आलेलं सभागृह) हे शब्द इंग्रजीत जोडा.

दुसरी चूक म्हणजे उमेदवारांची नावं सुचवण्याच्या सभेत हात वर करून झालेला कौल अंतिम समजणं. उमेदवाराने मागणी केली की रीतसर मतदान व्हायचं, तेही उघड. गुप्त मतदानाचा कायदा १८७०चा. म्हणून त्याच वर्तमानपत्राचे पुढचे अंकही उघडून पाहा. बे ऑफ आयलंड्स मतदारसंघात ह्यू कार्लटन बिनविरोध आले, तिथे मतांचे आकडे सापडणारच नाहीत. मत मालमत्तेवर मिळायचं, त्यामुळे एकच माणूस दोन मतदारसंघांत मतदार दिसला तर ती छपाईची चूक नव्हे.

उणीव एकच, पण मोठी: मजकूर यंत्राने वाचलेला आहे. शाई फिकट असली की नावं मोडतात आणि शोधात येत नाहीत. अशा वेळी शोध सोडा, तारखेनुसार अंक उघडा आणि मूळ पानाचं चित्र वाचा. तारखांची मर्यादाही डिसेंबरपर्यंत ताणा, कारण तारयंत्र नव्हतं. दुसऱ्या प्रांताचे निकाल जहाजाने, उशिरा यायचे.

वेलिंग्टनसाठी तिथली ‘इंडिपेंडंट’ आणि ‘स्पेक्टेटर’ ही दोन्ही वर्तमानपत्रं वाचा. ‘स्पेक्टेटर’ ग्रे यांच्या बाजूचं, ‘इंडिपेंडंट’ विरोधातलं. एकाच्याच भरवशावर निवडणूक सभांचं वर्णन लिहू नका.