मंदीत दुबईतील घराचे काय करावे: विक्री, वर्षाचा भाडेकरू की पर्यटक?

आखातात नोकरी करून कोल्हापूरला परतलेल्या आणि तिकडे एक घर मागे ठेवून आलेल्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. माझा अनुभव दुबईचा आहे, त्यामुळे लंडन किंवा सिंगापूरमधील घराला तो जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही. फ्रीहोल्ड (पूर्ण मालकी हक्काचे घर) म्हणजे काय, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीची आकारणी) कशाचा असतो, इजारीत, म्हणजे तेथील भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, करार नोंदवावा लागतो, या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. प्रश्न इतकाच आहे की बाजारभाव खाली येत असताना आणि आपण स्वतः राजारामपुरीत किंवा रुईकर कॉलनीत राहत असताना त्या घराचे काय करावे, म्हणजे नुकसान आटोक्यात राहील आणि मनाची उमेदही टिकेल. मार्ग तीन आहेत: घर रिकामे करून विकणे, वर्षाच्या कराराने भाड्याने देणे, किंवा पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी देत राहणे. यांपैकी पहिले दोन मी स्वतः अनुभवले आहेत आणि तिसरा माझ्या जवळच्या स्नेह्यांच्या घरी पाहिला आहे.

मंदी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखावे, असे मला वाटते. २००८ च्या अखेरीस दुबईत आलेली मंदी कोसळण्याची होती. थोड्याच काळात अनेक वसाहतींमधील भाव जवळजवळ निम्म्यावर आले. २०१४ नंतरची मंदी मात्र हळूहळू घसरण्याची होती आणि ती २०२० पर्यंत चालली. २०१४ मध्येच तेलाचे भाव उतरले, नव्या इमारती एकामागून एक ताब्यात मिळू लागल्या, डॉलर वधारल्यामुळे त्याला बांधलेला दिर्‍हमही परदेशी ग्राहकाला महाग पडू लागला, आणि नोंदणीचे शुल्क २०१३ च्या ऑक्टोबरातच दोन टक्क्यांवरून चार टक्के झालेले होते. अशी सावकाश घसरण मनाला अधिक थकवते, कारण दर तिमाहीला वाटते की आता तळ गाठला आणि पुढच्या तिमाहीला भाव आणखी थोडा उतरलेला दिसतो. मी दुबईहून परतलो तो याच काळात, घरी आईवडिलांजवळ कोणीतरी हवे होते म्हणून; घराचा भाव पाहून परतायचे की नाही हे ठरवण्याची मुभा मला नव्हती.

येथे रुपयाचा हिशोब मांडणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील पुष्कळ जण तो मांडत नाहीत आणि उगाच खचतात. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिर्‍हम हे प्रमाण १९९७ पासून ठरलेले आहे. त्यामुळे रुपया डॉलरसमोर उतरला की दिर्‍हमसमोरही तेवढाच उतरतो. २०१४ च्या मध्याला एक दिर्‍हम साधारण साडेसोळा रुपयांचा होता आणि २०२० मध्ये तो वीस रुपयांच्या आसपास गेला. समजा, दहा लाख दिर्‍हमचे घर साडेसात लाखांवर आले. दिर्‍हममध्ये ते नुकसान पंचवीस टक्क्यांचे दिसते, परंतु रुपयांत पाहिले तर एक कोटी पासष्ट लाखांचे दीड कोटी झाले, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास घट झाली. ज्याचा पुढचा सर्व खर्च कोल्हापुरात होणार आहे, त्याने हाच आकडा पाहावा. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. घरावर तिकडचे कर्ज शिल्लक असेल आणि हप्त्यातील तूट रुपयांतून भरावी लागत असेल, तर तोच उतरलेला रुपया दरवर्षी तुमचा भार वाढवत नेतो. शिवाय भारतात निवासी ठरल्यावर विक्रीच्या नफ्यातोट्याचा हिशोब रुपयांत होतो, त्यामुळे दिर्‍हममध्ये तोटा सोसून विकलेले घर येथे करपात्र नफा दाखवू शकते. विक्रीचा निर्णय घेण्याआधी हा एक मुद्दा आपल्या सीएकडून तपासून घ्यावा.

आता विक्रीकडे वळतो. विक्रीच्या बाजूने बोलणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. माझे मामा भेटले की हमखास म्हणत, "तिकडचं विकून टाक आणि पाचगाव-कळंब्याकडं चार गुंठे घे, डोळ्यांसमोर तरी राहील." या सल्ल्यात तथ्य आहे आणि मी तो कधीही हलका मानला नाही. जमीन डोळ्यांसमोर असण्याचे समाधान खरे असते आणि साता समुद्रापलीकडच्या मालमत्तेची काळजी उतारवयात नको वाटते, हेही खरे आहे. रोख पैसा हातात आला की विषय संपतो. अडचण विक्री करण्याच्या निर्णयात नसून तिच्या वाटेत आहे.

कोल्हापुरात बसून विकायचे तर दुबईतील कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावे लागते. संयुक्त अरब अमिरात अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नसल्यामुळे भारतातील एका शिक्क्यावर काम भागत नाही; येथे नोटरी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावास, आणि कागद तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन व अधिकृत अरबी भाषांतर, असा तो प्रवास आहे. त्यानंतर सर्व्हिस चार्जची बाकी चुकती करून विकासकाचे ना-हरकत पत्र घ्यावे लागते. हे सर्व कंटाळवाणे असले तरी एकदाच करायचे असते आणि पदरच्या माणसाने केले तर पार पडते, म्हणून त्याला मी निर्णायक मानत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो कुलिंगच्या बिलामुळे. विकायचे ठरवले की एजंट सांगतो, घर रिकामे हवे, कारण स्वतः राहायला घेणाऱ्याला भाडेकरूसह घर नको असते. विक्रीच्या कारणावरून भाडेकरूला उठवायचे तर कायद्याने बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने. माझा भाडेकरू कामानिमित्त स्वतःहून गेला होता, म्हणून ती प्रतीक्षा वाचली आणि मी घर रिकामेच ठेवून विक्रीला लावले. माझ्या इमारतीत, तेथील अनेक इमारतींप्रमाणे, वातानुकूलनासाठी लागणाऱ्या थंड पाण्याचा पुरवठा एका मध्यवर्ती केंद्रातून होतो. या व्यवस्थेत बिलाचे दोन भाग असतात: वापराचा एक, आणि तुमच्या घरासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचा दुसरा. वापर शून्य असला तरी क्षमतेचा आकार चुकत नाही. भाडेकरू गेला की खाते मालकाच्या नावावर येते आणि बिल मालकाच्या फोनवर. घर पूर्ण बंद ठेवावे तर समुद्राकाठच्या दमट हवेने भिंतींना आणि कपाटांना बुरशी धरते, म्हणून यंत्रणा थोडी तरी चालू ठेवावी लागते आणि वापराचा भागही वाढतो. कोणी राहत नसलेले घर थंड ठेवण्यासाठी मी कोल्हापुरातून पैसे पाठवत होतो.

मार्केट यार्डातील गुळाचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. पडत्या भावात गूळ विकायचा नाही म्हणून व्यापारी तो शीतगृहात ठेवतो, आणि भाव वाढण्याची वाट पाहत असताना शीतगृहाचे भाडे त्याच्या नफ्यातून कमी होत जाते. माझ्या रिकाम्या घराची तीच स्थिती झाली होती. रक्कम फार मोठी नव्हती. पण दर महिन्याला ते बिल आले की मी घरांच्या जाहिराती उघडून शेजारच्या इमारतीतील भाव पाहत असे, तो मागच्या वेळेपेक्षा थोडा कमी दिसत असे, आणि आलेला प्रत्येक कमी भावाचा प्रस्ताव स्वीकारावा असे वाटू लागे. खरेदीदारांनाही घर रिकामे असल्याचे माहीत असते, आणि ते थांबू शकतात. मंदीत आशावादी राहा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु दरमहा पैसे बाहेर जात असताना केवळ मनाला समजावून ती आशा टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्याचा स्वभाव अधिक खंबीर असू शकेल.

पर्यटकांना घर देण्याच्या मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, त्यात वर्षाच्या भाड्यापेक्षा चांगले उत्पन्न मिळू शकते आणि घर कोणाच्या कराराने अडकून पडत नाही, त्यामुळे मनात आले की विकता येते. माझ्या स्नेह्यांचे घर मरीना या समुद्राकाठच्या वस्तीजवळ असल्याने त्यांना तो मार्ग जमला. परंतु पर्यटन विभागाचा परवाना, फर्निचर, इंटरनेट, वीज, पाणी आणि कुलिंग हे सर्व मालकाकडे राहते, आणि दूर राहणाऱ्याला व्यवस्थापक नेमून उत्पन्नाचा चांगला हिस्सा त्याला द्यावा लागतो. उन्हाळ्यात घर बरेच दिवस रिकामे राहते आणि तेच बिल पुन्हा दारात येते. २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा या घरांचे उत्पन्न एकदम बंद पडले. समुद्रकिनारा किंवा मेट्रो पायी अंतरावर असेल आणि तुमचा माणूस दुबईतच असेल, तर याचा विचार अवश्य करावा. माझे घर शहराच्या आतल्या बाजूला, नोकरदार कुटुंबांच्या वस्तीत आहे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

राहिला वर्षाचा भाडेकरू. यात उणिवा नाहीत असे मुळीच नाही. मंदीत भाडीही उतरतात आणि कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी भाडेकरू सवलत मागतो, शिवाय चेकची संख्या वाढवून मागतो. पूर्वी एक-दोन चेकमध्ये वर्षाचे भाडे मिळे, ते चार किंवा अधिक चेकमध्ये विभागले जाते. पुढे बाजार सावरला की भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा असल्याने जुन्या भाडेकरूचे भाडे नव्या दरांच्या मागे राहते. २०२१ नंतर भाव चढले तेव्हा मी हे पाहिले आहे. येथे भारतात ते उत्पन्न दाखवून कर भरावा लागतो, ज्यात घरभाड्याची तीस टक्के वजावट मिळते, आणि विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घराची नोंद करावीच लागते, कारण ती वगळली तर दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. घर ठेवण्याला मात्र हरकत नाही. परदेशात निवासी असताना घेतलेली मालमत्ता परतल्यानंतरही बाळगण्याची मुभा परकीय चलन व्यवहारांच्या फेमा कायद्याने दिलेली आहे.

इतके असूनही मनःशांतीच्या दृष्टीने मला हाच मार्ग उजवा वाटतो. भाडेकरू राहू लागला की कुलिंग, वीज आणि पाणी यांची खाती त्याच्या नावावर जातात, भाड्यातून सर्व्हिस चार्ज निघतो आणि काही शिल्लक राहते. घराचा विक्रीचा भाव रोज पाहण्याचे कारणच उरत नाही. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या सुमारास, तो पाहिला तरी पुरे होते. त्या वेळी सवलत द्यावी की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. एक महिना घर रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक, जातो. त्यावर एजंटची दलाली, रंगकाम आणि कुलिंगचे बिल. म्हणून घर नीट ठेवणाऱ्या आणि ज्याचे चेक वेळेवर वटतात अशा भाडेकरूने पाच टक्के मागितले तर मी आनंदाने दिले आहेत. उलट, चेकच्या संख्येत पुढे जाण्याची मला घाई नसते, कारण दूर राहणाऱ्या मालकाला प्रत्येक चेक म्हणजे आणखी एक तारीख सांभाळणे असते.

ज्यांचा कर्जाचा हप्ता भाड्यापेक्षा बराच मोठा आहे, ज्यांना मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी रक्कम आताच हवी आहे, किंवा ज्यांच्या इमारतीची देखभाल ढासळत चालली आहे, त्यांनी वाट पाहू नये असेच मी म्हणेन. मात्र त्यांनीही घर रिकामे करण्याआधी भाडेकरूसह विकण्याचा प्रयत्न करून पाहावा. स्वतः राहायला घेणारा ग्राहक त्यात मिळत नाही आणि भाव थोडा कमी येतो, परंतु गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून भाडे मिळणारे घर हवेच असते, आणि तुम्हाला बारा महिन्यांची नोटीसही द्यावी लागत नाही. दुबईतील वीस लाख दिर्‍हम किंवा अधिक किमतीच्या घरावर ज्यांचा गोल्डन व्हिसा उभा आहे, त्यांनी विकताना कुटुंबाच्या निवासी परवान्याचाही विचार करावा.

भाड्याने देण्याचे ठरले तर करारावर सही करण्याआधी एक ओळ नीट वाचावी. काही इमारतींमध्ये कुलिंगच्या वापराचा भाग भाडेकरूकडे आणि क्षमतेचा भाग मालकाकडे अशी विभागणी असते, आणि एजंटचा छापील मसुदा याविषयी गप्प असतो. दोन्ही भाग कोणी भरायचे हे करारातच लिहून घ्यावे, आणि क्षमतेचा आकार आपल्याकडे राहणार असेल तर भाडे ठरवतानाच तो त्यात धरावा.