माक्याच्या नावाखाली २६,५०० रुपये गेले

सांगायला लाज वाटते, पण मला रोपं विकून फसवणारा टेम्पो आता दापोलीकडे फिरतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

भृंगराज, म्हणजे माक्याची लागवड. रोपं त्यांची, पाला तेच परत घेणार, ओल्याला किलोला ४० रुपये. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १,५०० रोपं १६ रुपयांनी, म्हणजे २४,०००, वर 'करार नोंदणी' २,५००. आधी पैसे देऊ नका, मी दिले.

ट्रे उतरवतानाच एका रोपाला पिवळं फूल होतं. माका पांढरा, हे गुहागरातलं शेंबडं पोरही सांगेल! आजी तेलासाठी माका वाटायची तेव्हा तिची बोटं काळी पडायची. मी पान चुरडलंसुद्धा. दहा मिनिटं तळवा बघत उभा होतो, हिरवाच. ही म्हणाली, "अहो, हा माका नव्हे." मी हिलाच गप्प केलं. कारण टेम्पोवरचा पोरगा म्हणाला, "काका, हा पीत भृंगराज, म्हणजे पिवळा माका, आयुर्वेदाच्या निघंटूत आहे." आणि पीत भृंगराज असतोच की! मी काय वनस्पतिशास्त्र शिकलोय?

कॉलेजातल्या एका मॅडमनी बघताक्षणी सांगितलं, ही सिंगापूर डेझी. ही आणि पिवळा माका, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणून फुलावर जाऊ नका, पान बघा. खऱ्या पिवळ्या माक्याचं पान साधं, लांबट. हिच्या पानाला दोन्ही बाजूंनी खांदे फुटलेले, तीन भाग. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली, जगातल्या १०० उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीतली. आमच्या इथे रिसॉर्टच्या कुंपणाला फुकट पसरलेली असते, रोज बघतो मी!

माका म्हणून एकदांडीही खपवतात. तिचं एकेकच फूल लांब दांड्यावर, बी म्हातारीसारखं उडतं. माक्याचं उडत नाही.

पोलीस म्हणाले, "पानावरून गुन्हा कसा नोंदवू? दिवाणीत जा." कृषी कार्यालय म्हणालं, औषधी वनस्पती आमच्याकडे नाहीत, वन खात्यात विचारा. तिथे साहेब दोनदा दौऱ्यावर, तिसऱ्यांदा उत्तर, "हे जंगलातलं झाडच नाही." तीन खेपा, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. मग हे झाड आहे तरी कुणाच्या खात्यातलं?

उपटलेला वेल बांधावर टाकू नका. पेरापेराला मुळं फुटतात, माझ्या माडांच्या आळ्यांत शिरलाय. आणि टेम्पो आला तर आधी नंबरप्लेटचा फोटो काढा. माझ्याकडे फोटो आहे तो फक्त त्या पिवळ्या फुलाचा.